थांबणारा राक्षस

गेल्या उन्हाळ्यात माझ्या हातून एक अपराध घडला. साठ तासांची मेहनत मी एका बोटाने पुसून टाकली. आणि ती मेहनत माझी नव्हती, माझ्या मुलीची होती.

मुलगी पुण्याला शिकते. मे महिन्याच्या सुट्टीत ती काही कामानिमित्त तिकडेच राहिली आणि नागपूरच्या घरात आम्ही तिघेच उरलो. मी, सौ. आणि माझी आई. उत्तरपत्रिका तपासून झाल्या होत्या. बाहेर ऊन असे की भर दुपारी सीताबर्डीच्या रस्त्यावर चिटपाखरू दिसू नये. कूलरमध्ये पाणी भरणे हाच काय तो दिवसभराचा पुरुषार्थ. अशा एका रिकाम्या दुपारी कपाटाच्या वरच्या खणातले तिचे प्लेस्टेशन मी खाली काढले. त्यावर धुळीचा थर होता, आणि त्या धुळीचा कर्ता मीच. ती बारावीला असताना ते यंत्र मी माझ्या हातांनी तिथे ठेवून कुलूप लावले होते. पुढे परीक्षा झाली, मार्क चांगले पडले, कुलूपही निघाले. पण ती पुन्हा त्याला हात न लावताच पुण्याला गेली. मला तेव्हा वाटले, बरे झाले, पोरगी सुटली.

यंत्र टीव्हीला जोडले. आत 'ड्रॅगन क्वेस्ट' या जपानी खेळाचा अकरावा भाग होता. भाषा इंग्रजी, पण कथा आपल्या आजीच्या तोंडून ऐकल्यासारखी. डोंगराखालचे एक खेडे, तिथे परक्याच्या घरी वाढलेला एक मुलगा, सोळावे लागताच तो राजाच्या भेटीला निघतो, आणि राजा त्याला हार घालण्याऐवजी तुरुंगात टाकतो. मी रमलो. दोन-अडीच तास कसे गेले कळले नाही. मग खेळ थांबवून 'सेव्ह' करायची वेळ आली. पडद्यावर कप्प्यांची यादी उमटली. पहिल्या कप्प्यात आधीचे काहीतरी होते. ते पुसून त्यावर नवे लिहू का, असे यंत्राने स्वच्छ इंग्रजीत विचारले. मी 'हो' म्हटले. बँकेच्या छापील फॉर्मावर आपण सही करतो, तसेच. वर्गात दर वर्षी मुलांना बजावणारा मीच की, प्रश्न दोनदा वाचा, मग पेन उचला!

तेव्हा नवशिक्याला माझा पहिला सल्ला हा, की घरात आधी कुणी खेळत असेल तर त्याचा कप्पा कोणता ते विचारून घ्यावे आणि आपला संसार दुसऱ्या कप्प्यात थाटावा.

ही कप्प्यांची सोयदेखील पूर्वी नव्हती. 'ड्रॅगन क्वेस्ट'चा पहिला भाग जपानात २७ मे १९८६ रोजी निघाला, निन्टेन्डोच्या 'फॅमिकॉम' यंत्रासाठी. सगळा खेळ ६४ किलोबाइटांत बसवलेला. आज मोबाईलवर काढलेल्या एका फोटोला याच्या कितीतरी पट जागा लागते. मग खेळणाऱ्याची प्रगती साठवायची कुठे? त्यावर युक्ती अशी की, थांबताना राजाकडे जायचे आणि तो तुम्हांला वीस अक्षरांचा 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' सांगायचा. पोरांनी तो वहीत उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. एक अक्षर चुकले की आदल्या दिवसाची सगळी कमाई गेली. जपानी लिपीत सारखी दिसणारी अक्षरे पुष्कळ, त्यात त्या काळचे धूसर टीव्ही. दुसऱ्या भागात तर हा मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत लांबला. ऱ्हस्व-दीर्घासाठी अर्धा गुण कापला तर आमचे विद्यार्थी तोंड पाडतात. त्यांना ही वही दाखवायला हवी होती.

मला गंमत वाटली ती पुढेच. पहिल्या भागातली ती वीस अक्षरे पाच, सात, पाच आणि तीन अशा ओळींत मांडलेली असत. पाच-सात-पाच म्हणजे हायकूचा साचा! शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेल्या या इवल्या काव्यप्रकारावर मी इतकी वर्षे तास घेत आलो, पण जपानी पोरे तो साचा राक्षस मारण्यासाठी वहीत उतरवत होती, हे मला कुणी सांगितले नव्हते. आणि अकराव्या भागाच्या इंग्रजी अवतारात 'हॉटो' नावाचे गरम पाण्याच्या झऱ्यांचे एक गाव लागते. तिथले गावकरी बोलतात तेच मुळी हायकूत. दुकानदारसुद्धा. मी त्या गावात गरजेपेक्षा बराच जास्त काळ रेंगाळलो.

खेळ रचणारा यूजी होरी मुळात लिहिणारा माणूस, मुलांच्या साप्ताहिकात लेख लिहीत असे. 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' हे अमेरिकन संगणकखेळ त्याने पाहिले होते. त्यांतला किचकटपणा काढून, बोटे चपळ नसलेल्यालाही शेवटपर्यंत जाता येईल असे काही त्याने बेतले. चित्रे अकिरा तोरियामांची, संगीत कोइची सुगियामांचे. दोघेही आता हयात नाहीत. खेळातला सगळ्यात दुबळा शत्रू 'स्लाइम'. होरीने त्याचे चित्र चिखलाच्या गोळ्यासारखे काढून दिले होते. तोरियामांनी त्याचा निळा, टोकदार, हसरा थेंब केला. तो इतका गोड दिसतो की, पहिल्यांदा त्याच्यावर तलवार चालवताना मला ओशाळल्यासारखे झाले. तिसरा भाग १० फेब्रुवारी १९८८ रोजी आला. वार बुधवार. जपानी मुलांनी शाळा बुडवून दुकानांपुढे रांगा लावल्या, पोलिसांनी काहींना पकडलेही. पुढचे भाग सुट्टीच्या दिवशी काढण्याची पद्धत त्यानंतर पडली. कुलूप लावणारे बाप तिकडेही असणारच.

पण मी माझ्या अपराधाकडे पाठ फिरवतो आहे. चार दिवस मी तो लपवला. पाचव्या रात्री नऊला तिचा नेहमीचा फोन आला. हा फोन म्हणजे, "जेवलीस का", "हो", "पैसे आहेत का", "आहेत", "आजीला दे", एवढ्यावर आटपणारा. मी सांगून टाकले. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही.

"बाबा, ते पुसू का म्हणून विचारते ना. तुम्ही वाचलं नाही?"

"नाही."

"मी शेवटच्या लढाईच्या दारात होते. तेवढ्यात तुम्ही कुलूप लावलं. मग नंतर हातच लावावासा वाटला नाही."

हे मला ठाऊक नव्हते. मी काय बोलणार? शेवटी तिनेच विचारले, "आता कुठवर आले तुम्ही?" मी गावाचे नाव सांगितले. "अन् खेळून कसे राहिले?" मी म्हटले, दिसेल त्याला तलवार मारतो. ती हसली. मी तिला शब्द दिला की, दिवाळीला तू येशील तेव्हा तुला त्याच दारात आणून उभी करीन, शेवट तू कर. त्या रात्रीपासून माझी शिकवणी सुरू झाली. ती गुरू, मी शिष्य.

पाळीपाळीने खेळायचे खेळ नागपूरकरांना नवे नाहीत. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला आमच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि त्यासरशी ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. त्या अंतिम सामन्याचे मुख्य दोन डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांत, घड्याळाच्या काट्यावर लागला. आमच्या खेळात पाळी आहे, पण घड्याळ नाही. राक्षस समोर येतो, बाजूला यादी उमटते. हल्ला करायचा, मंत्र म्हणायचा, स्वतःला सावरायचे, की पळायचे? तुम्ही ठरवेपर्यंत राक्षस जागच्या जागी डुलत उभा राहतो. उठून चहा करून आणा, दार वाजले तर दूधवाल्याशी बोलून या, तो आहे तिथेच. मला हे पहिले आठ दिवस कळलेच नव्हते. स्कूटरसमोर गाय यावी तशी माझी बोटे बटणांवर पडत होती. "बाबा, तो थांबतो," मुलगी म्हणाली, "तुम्ही पण थांबा ना."

मग थांबून पाहू लागलो तेव्हा आकडे दिसले. प्रत्येक गड्याला दोन आकडे. एक प्राणबळाचा, ज्याला मुले 'एच.पी.' म्हणतात, तो शून्यावर आला की गडी आडवा. दुसरा मंत्रबळाचा, 'एम.पी.', मंत्र म्हटला की तो उतरतो. कुणाची पाळी आधी ते गड्याच्या चपळाईवर ठरते. नवशिक्या फक्त शत्रूकडे बघतो, हे मुलीचे निदान. आपल्या गड्यांचे प्राणबळ निम्म्यावर आले की, त्या पाळीला तलवार विसरून आधी औषधोपचार करावा. पाव उरेपर्यंत वाट पाहिली, तर मध्येच शत्रूची पाळी येते आणि मग औषध द्यायला माणूस उरत नाही.

हा नियम तिच्याआधी माझ्या आईने शोधून काढला होता. आईला इंग्रजी येत नाही, डोळ्यांनी अंधूक दिसते. पण दुपारचे पारायण आटोपले की ती माझ्यामागे खुर्ची ओढून बसू लागली. आमच्या टोळीत व्हेरोनिका नावाची एक जादूगारीण आहे. मुळात मोठी, पण मायेने लहान पोर झालेली. आग ओकणारे मंत्र तिच्याजवळ, प्राणबळ मात्र चिमणीएवढे. तिला जरा ओरखडा आला की मागून आवाज येई, "अरे, त्या पोरीला औषध दे ना आधी! तो मेला कुठं पळून चालला?"

औषधावरूनच माझी खरी फजिती झाली. पुढे वाळवंटी मुलखात एक प्रचंड विंचू भेटतो. त्याने मला तीनदा लोळवले. तिसऱ्या खेपेला चौघेही आडवे झाले, तेव्हा माझ्या पिशवीत चाळीसवर औषधी वनस्पतींच्या जुड्या होत्या. दुकानात आठ-आठ नाण्यांना मिळणाऱ्या. मी त्या जपल्या होत्या, पुढे याहून वाईट वेळ येईल म्हणून! शिवाय मला हेही माहीत नव्हते की, सामाईक पिशवीतले औषध लढाईत चालत नाही. ते आधीच ज्याच्या त्याच्या जवळ वाटून द्यावे लागते. छत्री घरी आणि आपण पावसात, तशातली गत. मुलीने फोनवर आकडा ऐकला आणि म्हणाली, "चाळीस? बाबा, तुम्ही ते कुणाच्या लग्नासाठी ठेवून राहिले?"

घरात हा टोमणा सगळ्यांनाच लागू होता. आईच्या ट्रंकेत एक पैठणी आहे, 'तशा प्रसंगी' नेसायची म्हणून जपलेली. मधल्या काळात दोन लग्ने, एक मुंज आणि माझी पन्नाशी जवळ आली, तरी तसा प्रसंग आलेला नाही. सौ.च्या चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठी, आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही 'घरचाच माणूस' म्हणून साध्या कपात चहा देतो. मंत्रबळाचेही मी हेच करीत होतो. सराईत एका रात्रीचे भाडे किरकोळ, वाटेत शेकोटीपाशी मुक्काम केला तर तेही नाही, आणि सकाळी दोन्ही आकडे पूर्ण भरून येतात. म्हणजे रात्री शिल्लक राहिलेले मंत्रबळ कुणाच्या खात्यावर जमा होत नाही. जवळ मुक्कामाची जागा असेल तेव्हा ते मोकळ्या हाताने खर्चावे. लांबच्या भुयारात शिरताना मात्र परतीपुरते राखावे. औषधी जुड्यांना तर हात आखडूच नये. पुढे जाल तसे शत्रू मोठे होतात, आणि त्या जुडीने भरून निघणारी जखम राहतच नाही. जपलेली वस्तू जपता जपता निकामी होते.

विंचवाकडे चौथ्यांदा जाण्याआधी मुलीने दोन गोष्टी करायला लावल्या. पहिली, आजूबाजूच्या माळावर हिंडून लहान शत्रूंशी लढणे. प्रत्येक लढाईने अनुभव जमतो, पुरेसा जमला की गडी एक पायरी, म्हणजे 'लेव्हल', वर चढतो. हा गवयाचा रियाज समजावा. कंटाळवाणा, पण त्याला पर्याय नाही. त्यात एखादे वेळी धातूचा स्लाइम भेटतो. प्राणबळ अगदी मूठभर, पण कातडी अशी की तलवार घसरावी, आणि संधी मिळताच तो पसार होतो. मारता आला तर एकदम घबाड. मला तो पहिल्या आठवड्यात पाच वेळा भेटला आणि पाचही वेळा पळाला. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुमच्या शेअर्ससारखंच दिसतंय हे."

दुसरी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. आपल्या गड्याचे कवच जाड करणारा मंत्र असतो, 'बफ'. शत्रूचे कवच पातळ करणारा असतो, 'सॅप'. यांनी राक्षसाला खरचटतसुद्धा नाही. म्हणून मला ते फुकट वाटत. एक अख्खी पाळी घालवायची आणि हाती काय? पण मोठ्या शत्रूशी लढाई दहा-पंधरा फेऱ्या चालते. पहिल्या दोन फेऱ्या अशा तयारीत घातल्या तर पुढच्या प्रत्येक फेरीत आपला घाव खोल जातो आणि त्याचा उथळ. आई याला 'आधी कणीक भिजवून ठेवणे' म्हणते. चौथ्या खेपेला विंचू पडला. रात्रीचे अकरा वाजले होते. मी पुण्याला फोन लावला. मुलगी झोपेतून उठली होती, तरी तिने सगळी लढाई फेरीवार ऐकून घेतली.

बाकीचे थोडक्यात सांगतो. सुरुवातीला 'ड्रॅकोनियन क्वेस्ट' नावाच्या अटी स्वीकारणार का, असे खेळ विचारतो. त्या सराईत लोकांसाठी आहेत, नम्रपणे नको म्हणावे. सोबत्यांना स्वतःच्या अकलेने लढू देण्याची सोय आहे. शिकण्याच्या दिवसांत ती बंद ठेवून प्रत्येकाला आपणच हुकूम द्यावा, नाहीतर लढाई जिंकली तरी ती कशाने जिंकली ते कळत नाही. नवे हत्यार विकत घेतले की ते गड्याच्या हातात दिले का ते पाहावे. पळून जाण्यात कमीपणा नाही. प्राणबळ उतरले, गाव लांब आहे, अशा वेळी सरळ पळावे. मोठ्या राक्षसांपुढून मात्र पळता येत नाही, म्हणून त्यांच्या दारात शिरण्याआधी सेव्ह करावे. खेळ आवडेल की नाही अशी शंका असेल, तर याच्या 'अकरा एस' या आवृत्तीचा पहिला दहाएक तासांचा भाग फुकट मिळतो. पुढे खेळ विकत घेतला तर तिथली कमाई त्यात वळती करता येते.

आणि गावात शिरल्यावर प्रत्येक माणसाशी बोलावे, काही घडल्यावर पुन्हा बोलावे. त्यांची वाक्ये बदललेली असतात. पुढची वाट कुठे आहे ते बहुधा विहिरीपाशी उभी असलेली एखादी म्हातारीच सांगते. नवशिक्या इथे घाई करतो, मजकूर न वाचता बटण दाबत सुटतो, आणि मग 'आता जायचे कुठे?' म्हणून डोके धरून बसतो. न वाचता बटण दाबल्याने काय होते, ते मी सांगून चुकलोच आहे.

खेळ साधारण अर्ध्यावर आला की एक प्रसंग घडतो. तो मी इथे सांगणार नाही, पुढे खेळणाऱ्यांचा हक्क आहे. त्यावर औषध चालत नाही, मंत्र चालत नाही, तुमची पाळीच येत नाही. मी तिथे पोचलो ती संध्याकाळ श्रावणातली होती. मागच्या खुर्चीवर आई होती. तिला मी पडद्यावरचे इंग्रजी मराठीत सांगत असे; त्या दिवशी मला ते सांगता येईना, पण तिला कळले. ती काही न बोलता उठून देवघरात गेली. रात्री नऊची वाट न पाहता मीच फोन लावला.

"पोचले का तिथं?" मुलीने विचारले.

"हो."

"मी तेव्हा अकरावीत होते. दोन दिवस जेवले नव्हते. आठवते तुम्हांला?"

मला आठवत होते. परीक्षेची भीती असेल म्हणून मी तिला अभ्यासाचे वेळापत्रक करून दिले होते. त्या रात्री आम्ही तासभर बोललो. खेळावरून बोलणे तिच्या वसतिगृहावर गेले, तिथून तिच्या एका मैत्रिणीवर, आणि मग अशा काही गोष्टींवर की ज्या मी गेल्या दोन वर्षांत एकदाही विचारल्या नव्हत्या.

हे लिहितो आहे तेव्हा माझ्या कप्प्यावर चव्वेचाळीस तासांचा आकडा आहे. तिचे दार अजून दूर आहे, आणि धनत्रयोदशीला आता थोडेच दिवस उरले आहेत. दिवाळीआधी कॉलेजचे काम वाढते, घरात अनारशांचे पीठ पडले आहे, आकाशकंदील अजून माळ्यावरच आहे. रात्री सगळी निजानीज झाली की मी तासभर बसतो. काल पिशवी उघडून पाहिली तर तीनच जुड्या होत्या. मुलीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, उद्या आधी दुकानात जा. आईने निजल्या निजल्या विचारले, "पोरगी कोणत्या गाडीनं येऊन राहिली?"